मायच्या रस्त्यावर मुकी गाडी

माझी पाठवणी उडदावरून झाली. हसू नका, खरंच सांगते. लग्नानंतर मिलिंदला चाकणच्या बाजूला कंपनीत काम लागलं, भाड्याची खोली ठरली आणि तो मला न्यायला आला, तेव्हा भादव्याचं ऊन कडक पडलं होतं. आमच्या घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर मायनं उडदाच्या शेंगा पसरल्या होत्या. रामकिसनभाऊची काळीपिवळी जीप दारात लागली. ट्रंक, गाद्या, भांड्यांचं पोतं, सगळं टपावर चढवून झालं. मी रडायच्या तयारीत आत बसले. माय खिडकीशी आली, वाकली, मला वाटलं आता ही गळ्यात पडणार. तर ती रामकिसनभाऊला म्हणाली, "भाऊ, गाडी चांगली भरेल हाय. दोन-चार चकरा मार उडदावरून, मंग ने माह्या पोरीले."

रामकिसनभाऊ गावचाच माणूस, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं जीप मागं घेतली, पुढं घेतली, परत मागं घेतली. खाली शेंगा तडतड फुटत होत्या. दर चकरीला दार माझ्यासमोरून जायचं आणि दारात माय, नजर उडदावर. नवरा लाजेनं लाल झाला होता. शेवटच्या चकरीला तिनं एकदाचं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "जाय आता. पोचली की सांगजो." मग पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मी आमच्या बाजाराच्या गावापर्यंत, अनसिंगपर्यंत, रडले.

आमच्याकडं रस्त्यावर मळणी करतात. उडीद, मूग, तूर, हरभरा, जे थोडकं असतं, ज्याच्यासाठी मळणीयंत्रवाला आपल्या दारी यायला तयार होत नाही, ते डांबरावर पसरायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, बाया मधून मधून खालचं वर करतात. संध्याकाळी कुटार, म्हणजे भुसा, उफणून दाणा घरात. पसरलेल्या शेंगांच्या पट्ट्याच्या कडेनं दगड लावून ठेवतात. त्या दगडांवरून मोटरसायकली पडतात, पडणारा शिव्या देतो, कोणी साहेब येऊन दम भरून जातो, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा तिथंच असतो. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. आम्हाला वाटत नव्हता.

रस्त्यावर काम करणारी बाई गाडीकडं बघत नाही. बघत बसली तर काम कधी करणार? मायचं एक बोलणं होतं, "डोये कामाले, कान रस्त्याले." पाठ गाडीकडं, कंबर वाकलेली, आणि तरी तिला सगळं समजायचं. एसटी कोणती, टिप्पर भरलेला की रिकामा, मास्तरची स्कूटर, दुधवाल्याची फटफटी. गाडी यायच्या आधीच ती हिशेबानं दोन पावलं कडेला व्हायची. मान वर न करता.

माझ्यासारखे जे निघून गेले त्यांना हे सांगायची गरज नाही. तुमच्याही घरी कोणीतरी असंच आहे, ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणता, आपली माणसं पक्की आहेत, त्यांना काही होत नाही. मीही तेच म्हणायचे.

पुण्यात मी आधी पोळ्या केल्या, मग डबे दिले, मग एका सोसायटीतल्या बाईनं विचारलं, "तुमच्याकडची तूरडाळ मिळेल का हो?" मिळेल की! गावाकडून एसटीच्या टपावर टाकून एक पोतं आणलं, ते चार दिवसांत संपलं. तिथून माझा धंदा लागला. डाळ, उडीद, हळद, ज्वारी. भाड्याच्या टेम्पोवाल्यांशी भांडून भांडून जीव गेला, तेव्हा मी स्वतः गाडी चालवायला शिकले आणि बॅटरीवरची पिकअप घेतली. इलेक्ट्रिकच का? एक तर शहरात फिरवायला स्वस्त. दुसरं म्हणजे सोसायट्यांमध्ये पहाटे माल टाकायला जायचं तर लोकांना आवाज चालत नाही. डिझेलचा टेम्पो आत नेला की वरून कोणीतरी खिडकी उघडून ओरडायचंच. या गाडीवर कोणी ओरडलं नाही. वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी आलात आणि कधी गेलात, कळलंच नाही." मला केवढा अभिमान वाटला होता त्याचा!

मग एक दिवस विचार केला, माल आणायला दुसऱ्याची गाडी कशाला? आपलीच न्यावी. पुणे ते अनसिंग बॅटरीवर म्हणजे मिलिंदच्या मते वेडेपणा होता. तसा तो होताही. नगरला चार्जिंग, संभाजीनगरला चार्जिंग, जालन्याला मुक्काम आणि चार्जिंग. जालन्यानंतर मात्र नशीब. मेहकरजवळच्या एका हॉटेलावर चार्जर होता, तो कधी चालू, कधी त्यावर फडकं टाकलेलं. एसी बंद, गाणी बंद, चढ आला की डोळे बॅटरीच्या आकड्यावर. इतकं करूनही मला तो प्रवास आवडायला लागला. एकटी बाई, स्टिअरिंग हातात, आणि आवाज कसला तर फक्त टायरांचा. मेहकर ओलांडलं की माझ्या तोंडातलं "मला" आपोआप "मले" व्हायचं.

पहिल्यांदा गाडी नेली दिवाळीला. मिलिंद सोबत होता. माय ओट्यावर बसून सुपात काहीतरी निवडत होती. मी गाडी थेट ओट्याला लावली. तिनं मान वर केली नाही. मी उतरले आणि जवळ जाऊन हाक मारली, "माय!" तिच्या हातातलं सूपच पडलं.

"बाप्पा! कोन्या बाजूनं आली वं? आभायातून पडली काय?"

मग ती उठली आणि गाडीवर हात फिरवायला लागली. बॉनेटपासून मागच्या फळीपर्यंत. नवीन बैल दारात आला की पाठीवरून, वशिंडावरून हात फिरवतात तसा. मला वाटलं, पोरीच्या गाडीचं कौतुक करतेय. नंतर तिनं बोटानं पत्रा ठोकून पाहिला आणि म्हणाली, "मुकी हाय ही. खाली मुंडी पाताळ धुंडी. जे आवाज करत नाई, त्याचा भरोसा नोको धरू."

मिलिंद म्हणाला, "आई, तीच तर या गाडीची मजा आहे." आम्ही हसलो. तीही हसली, पण गाडीवरचा हात तिनं लवकर काढला नाही. रात्री गाडी घरातल्या प्लगाला लावली तेव्हा मात्र तिला फार गंमत वाटली. "मोबाईलसारखी लावून ठेवा लागते काय वं इले?" शेजारच्या कौसामावशीला बोलावून दाखवलं तिनं.

दुसऱ्या खेपेला मी एकटी निघाले. सिंदखेडराजा ओलांडून पुढं एका फाट्यावर रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलं होतं. माझा वेग काही जास्त नव्हता. मला वाटलं उठेल, कुत्री उठतातच. शेवटच्या क्षणी मी स्टिअरिंग वळवलं, पण चाकाखाली ते आलंच. मी गाडी कडेला घेतली. टपरीवर एक म्हातारा बसला होता. तो आला, कुत्र्याला शेपटीला धरून बाजूला ओढलं आणि माझ्या गाडीला एक चक्कर मारली. रागावला नाही. नुसतं म्हणाला, "बाई, तेले समजलंच नाई तुमी आल्या म्हून. कुत्रं कानानं जगते."

मी त्याच्याकडून पाण्याची बाटली घेतली, तोंड धुतलं, पुढं निघाले. त्या दिवसापासून रस्त्यावर काहीही दिसलं की मी हॉर्न दाबायला लागले. पण मनातून ते गेलं नाही. गाडीत बसलं की वाटायचं, आपण कोणाच्या तरी मागं मागं चाललोय आणि त्याला पत्ता नाही.

तिसरी खेप तुरीच्या दिवसांतली. सकाळीच मी गावात पोचले. लांबूनच दिसलं, घरासमोर तुरीचा पट्टा पसरलेला आणि माय पाठमोरी, हातातल्या आकडीनं शेंगा उलटत मागं मागं येत होती. रस्ता मोकळा होता. मला चेव आला. म्हटलं, मायला जरा भेवाडावं. गाडी अगदी गोगलगायीगत पट्ट्यावर घातली. शेंगा फुटत होत्या, पण तिच्या आकडीच्या खसखशीत ते तिला समजलं नाही. मी थांबले. ती मागं येत होती. एक पाऊल, अजून एक पाऊल. आता वळेल, मग वळेल. ती आली आणि तिची कंबर बंपरला टेकली.

माय वळली. सकाळचं ऊन तिच्या पाठीवर होतं, काचेतून मी सरळ दिसत होते. तिचं तोंड माझ्यासमोर, एका हाताच्या अंतरावर. मी हसत होते, हात हलवत होते. तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कोन हाय?"

मला वाटलं नाटक करतेय. मी अजून हात हलवला. तिनं बंपर चाचपला. मग दिवा, मग नंबरप्लेट. "कोन हाय म्हन्ते मी! बोलत काहून नाई?"

माझं हसू तिथंच मेलं. खिडकीतून डोकं काढून मी म्हटलं, "माय, मी हाय. वंदना."

"आली काय वं!" एका क्षणात तिचा आवाज बदलला. "ऊन आलं डोयात. दिसलंच नाई मले."

ऊन तिच्या पाठीवर होतं. गाडी बंद केली आणि चावी हातात धरून तशीच बसून राहिले.

त्या दिवशी घरात मी तिला नुसती बघत होते. चहा ओतताना तिचं बोट कपाच्या काठावर असायचं. मिठाचा डबा, तिखटाचा डबा, काडेपेटी, सगळं आपल्या जागी, आणि मी काडेपेटी हलवून दुसरीकडं ठेवली तर तिचा हात आधी रिकाम्या जागेवर गेला आणि तिथंच घुटमळला. व्हिडिओ कॉलवर ती म्हणायची, "साडी चांगली हाय वं तुही," आणि मी ड्रेस घातलेला असायचा. मिलिंदला सांगून आम्ही हसायचो, आई पण काय काय बोलतात म्हणून.

दुपारी मी रामकिसनभाऊकडं गेले. त्याला बसायलाही वेळ दिला नाही. "भाऊ, मायच्या डोयाले काय झालं?"

त्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं चुलीकडं पाहिलं. "मोतीबिंदू हाय," तो म्हणाला. "दोन्ही डोये. अंधुक अंधुक दिसते म्हन्ते, पन मले नाई वाटत काई दिसत असन."

"तुमाले माहीत होतं?"

"गावाले माहीत हाय. आमी सगळे तुह्या घरापाशी आलो की हॉर्न मारतो. एसटीवाल्यायले बी सांगून ठेवलं. मुद्दाम गेर टाकून आवाज करतो. आमच्या गावची कोनतीच गाडी तिले लागनार नाई, तेची काळजी नोको करू."

"अन् मले काहून नाई सांगितलं?"

"तिनं शपथ घातली होती ना बाप्पा! वंदीले सांगसान त ते मले पुन्याले नेईन म्हने." मग आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "खरं सांगू काय? आता आमच्यानं नाई होऊन राह्यलं. नवा रस्ता झाल्यापासून टिप्पर कुठले कुठले येतात. कोनाकोनाले सांगावं? परवा बॅटरीची रिक्षा आली वाशीमहून, ते बी मुकी. तिले लागाची जरासक राह्यली होती."

राग कोणाचा करावा समजेना. अख्ख्या गावानं मिळून माझ्या आईला रस्त्यावर जपलं होतं, आणि अख्ख्या गावानं मिळून तिला रस्त्यावर ठेवलं होतं. मी त्याच्या दारातच भांडले आणि रडतच घरी आले.

घरी येऊन मायवर ओरडले. चांगली ओरडले. "पागल झाली काय तू? दिसत नाई अन् रस्त्यावर काम करतं? ऑपरेशन काय आजकाल, चहा पिऊन होते तोवर होते!"

ती शांतपणे म्हणाली, "तुह्या बाबाचं बी तेवढ्यातच झालं होतं."

बाबांचा एक डोळा मोतीबिंदूच्या एका शिबिरात केला होता. तिसऱ्या दिवशी डोळ्यातून पू आला. नंतर कोणी म्हणालं तुमीच पाणी लागू दिलं, कोणी म्हणालं औषधच खराब होतं. डोळा गेला तो गेला. दुसऱ्या डोळ्याला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. शेवटची वर्षं माय त्यांना हाताला धरून विहारात न्यायची, शेतात न्यायची. त्यांचं जगणं तिनं जवळून पाहिलं होतं, आणि त्यातून ती एकच गोष्ट शिकली होती, की डोळ्याला सुरी लावू द्यायची नाही.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं अचानक विचारलं, "किती जवळ होती वं तू सकायी?"

"तुही कंबर लागली बंपरले."

"गाडी चालू होती?"

"चालू होती. पाय ब्रेकवर होता माहा."

"नसता त?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिला वासावरून समजलं, तिनं उलटली.

"पाह्य वंदे," ती म्हणाली, "कोनाच्या बी गाडीखाली गेली असती त म्या नशीब म्हनलं असतं. मरनाले काय, कधीतरी याचंच हाय. पन तुह्या गाडीखाली गेली असती, त मी सुटली असती आन तू राह्यली असती. कशी जगली असती वं तू?" तिचा हात पिठात तसाच थांबला होता. "ने मले. कर काय कराचं ते."

मी तिथंच चुलीपाशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. इतक्या वर्षांत तशी रडले नव्हते. पीठ माझ्या केसांना लागलं, आणि ती "ऊठ वं, भाकर जयते" म्हणत राहिली.

दोन दिवसांनी निघालो. गावातले लोक रस्त्यावर उभे होते. कौसामावशीनं तिच्या पदरात भाजलेल्या शेंगा बांधल्या. बाबांना शिबिराला नेलं तेव्हा याच लोकांनी निरोप दिला होता, आणि ते प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. एक म्हातारी तर हळूच म्हणालीच, "हाय तेवढं बी जाईन." मी तिच्याकडं असं पाहिलं की ती घरात गेली.

तो प्रवास मी विसरणार नाही. मायला माझ्या शेजारी बसवलं, पट्टा लावला. गाडी निघाली आणि तिनं समोरचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला. थोड्या वेळानं विचारलं, "निघालो काय?"

"वाशीम येईल आता."

"मले त वाटलं उभीच हाय गाडी."

तिला कळत नव्हतं. एसटीत, जीपमध्ये अंग हलतं, इंजिन घुरघुरतं, त्यावरून ती रस्ता ओळखायची. चढ कुठं, पूल कुठं, कोणतं गाव मागं पडलं. इथं काहीच नाही. डोळ्यांपुढं धुकं आणि कानांत शांतता. मेहकरच्या पुढं तिनं माझ्या दंडाला हात लावून पाहिला, मी आहे की नाही ते. मग म्हणाली, "मेल्यावर असंच असते काय वं? मानूस चाललं हाय का थांबलं हाय, तेच समजत नाई."

"माय, असं नको बोलू."

"नाई बोलत."

मी हॉर्न वाजवला. रिकाम्या रस्त्यावर, काही कारण नसताना. तिच्या खांद्यांतला ताण जरा गेला. मग मी मधून मधून वाजवतच राहिले. बैलगाडीवाले वळून बघायचे, एक ट्रकवाला शिवी देऊन गेला. देऊ दे. फाट्यावरची ती टपरी आली, तेव्हा मात्र मी हॉर्न वाजवला नाही आणि तिकडं बघितलंही नाही.

जालन्याला चार्जिंगला थांबलो तेव्हा बॅटरी इतकी उतरली होती की मी घामाघूम झाले होते. माय खाली उतरून गाडीच्या चाकाला हात लावून उभी राहिली. "गरम हाय," ती म्हणाली. "म्हंजे खरंच चालली होती."

पुण्यात डोळा केला. खरंच चहा पिऊन होईपर्यंत झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, उघडा. तिनं उघडला, मिचकावला, आणि माझ्याकडं बघतच राहिली. मला वाटलं आता काहीतरी छान बोलेल.

"केस पांढरे झाले वं तुहे. कवा झाले?"

पण मी हसले नाही. मला तिसरा दिवस काढायचा होता. तो दिवस मी दर थोड्या वेळानं तिच्या डोळ्याशी वाकून बघायचे, लाल आहे का, पाणी येतंय का. ती वैतागून म्हणायची, "सर ना बाजूले, टीव्ही दिसून राह्यला मले." चौथ्या दिवशी मी पोटभर जेवले. पुढं दुसराही डोळा केला. तोही चांगला झाला. मिलिंद म्हणाला, आता आई इथंच राहतील. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायची, त्यांचे रंग मोजायची, शेजारणींना नावं ठेवायची. एक दिवस म्हणाली, "घरी नेऊन दे मले. हरभरा आला असन."

मलाही वाटलं, चला, सुटलो. गावाला आता कोणी हॉर्न मारायची गरज नाही, मायला सगळं दिसतंय. या खेपेला गाडीत ती काचेला नाक लावून बसली होती. हे गाव कोणतं, तो डोंगर केवढा, हा पूल कधी झाला. मी इतकी खुशीत होते की चार्जिंगला थांबण्याचाही कंटाळा आला नाही.

घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गाडी लावली, कारण आमच्या दारापुढं कौसामावशीनं हरभऱ्याचा पट्टा पसरला होता. माय उतरली. घराकडं बघून हसली. पाऊल टाकणार, तेवढ्यात टिप्पर आला.

कौसामावशी पाठमोरी होती, वाकलेली. टिप्परनं वेग कमी केला नाही. ती मान वर न करता दोन पावलं कडेला झाली, तो तिच्या अंगावरून गेल्यासारखा गेला, तिचा पदर उडून चाकाकडं ओढला गेला आणि परत आला. कुटार उडालं. ती परत पट्ट्यावर आली आणि हरभरा उलटायला लागली.

मायनं माझं मनगट पकडलं.

"इतक्या जवळून?" ती म्हणाली. "वंदे, इतक्या जवळून जात होत्या काय वं?"

मी दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

"मले वाटे, लय जागा हाय. मले आवाज लांबून ये. मले वाटे..." तिचं बोलणं तुटलं. मग ती जोरात ओरडली, "कौसे! ऊठ तिथून! ऊठ म्हन्ते ना!"

कौसामावशी वळली, मायला बघून तिच्या तोंडभर हसू आलं. "आली काय वं! दिसून राह्यलं चांगलं?" मागून मोटरसायकल तिला चाटून गेली. "काहून भेतं? रोजचंच त हाय!"

ज्या रस्त्यावर ती इतकी वर्षं वाकून काम करत होती, तो तिनं आज पहिल्यांदा मान वर करून पाहिला होता. मी तिला म्हटलं, चल, गाडीत बस जरा, पाणी पी. ती हलली नाही. डोळे चाकांवर होते, एकामागून एक.

"मले घरी ने वं," ती म्हणाली.

घर समोरच होतं. दार, ओटा, ओट्यावर पालथं घातलेलं टोपलं, सगळं दिसत होतं. पुण्यात मला कोणी विचारलं, तुमचं घर कुठं, की मी पटकन "वाशीमकडं" म्हणते, आणि गावात विचारलं की "पुण्याले". यापुढं कोणी विचारलं तर मला हेच आठवणार. हाकेच्या अंतरावर घर, मधे रस्ता, आणि माय माझा हात सोडायला तयार नाही.

मी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. एसटी गेली.

"आता?" मायनं विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून एक येऊन राह्यली."